शेठ वालचंद हिराचंद : धीर आणि हिशेब

प्रतिवर्षी या स्मरणिकेत एखाद्या दिवंगत कर्तबगार पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे, व तो पुरुष बहुधा आपल्या ज्ञातीतील असतो. यंदा आम्ही ही मर्यादा ओलांडून सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मास आलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र निवडले आहे. याचे कारण वाचकांस प्रारंभीच सांगितलेले बरे. पनवेल व उरण या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या हाती गेल्या काही दशकांत जमिनीच्या मोबदल्याचा पैसा आला. आरंभी तो घरे बांधण्यात, लग्नकार्यांत व बँकेच्या ठेवींत गेला. अलीकडे त्याचा बराच भाग कंपन्यांच्या शेअरांकडे वळलेला दिसतो. त्यांतही नाव नवीन, नफा अद्याप दृष्टीस न पडलेला, परंतु पुढे मोठे होऊ अशी ग्वाही देणारे जे शेअर असतात, त्यांविषयी तरुण मंडळींस विशेष ओढ. अशा शेअरचा भाव निम्म्यावर आला, की घरातील वडीलधारे विकून टाका म्हणतात व मुले दहा वर्षे हात लावू नका म्हणतात. या वादात वालचंद शेठजींचे नाव आमच्या कानी वारंवार येते. त्यांनी सिंदिया कंपनी धरून ठेवली व अखेरीस ते विजयी झाले, सबब आपणही धरून ठेवावे, असा एकंदर युक्तिवाद असतो. तो कितपत खरा आहे हे पाहावयाचे, तर ते चरित्रच नीट वाचले पाहिजे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. गुजरातेकडून व्यापारानिमित्त महाराष्ट्रात येऊन स्थायिक झालेले हे कुटुंब. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे सावकारीत व कापसाच्या व्यापारात नाव मिळविलेले गृहस्थ असून धर्मसुधारणेच्या कार्यातही अग्रेसर होते. ‘जैन बोधक’ हे मराठी पत्र त्यांनीच सुरू केले. वालचंदांस मातेचे छत्र लहानपणीच अंतरले. शिक्षण सोलापुरास, पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयांत झाले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच ते घरच्या व्यवसायात ओढले गेले. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडण्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेच्या नोकरीतून आलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेचे काम मक्त्याने घेतले, आणि तेथून त्यांच्या खऱ्या आयुष्यक्रमास आरंभ झाला.

मक्तेदारीचा हा धंदा फाटक-वालचंद या नावाने वाढत गेला. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांची कामे मिळाली व भांडवल जमले. १९२० मध्ये टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली व १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. आपल्या माथ्यावरच्या बोरघाटात रेल्वेचे जे नवे बोगदे त्या दशकात खोदले गेले, ते याच मंडळींचे काम होय. खोपोलीहून घाट चढताना ज्या डोंगराकडे आपण सहज पाहतो, त्याच्या पोटात वालचंदांच्या माणसांचा घाम मुरलेला आहे. बांधकामाच्या या धंद्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला, कारण पुढे समुद्रावरचे साहस पुरते अंगावर आले तेव्हा त्यांस जमिनीवर उभे राहण्यास ही जागा होती. शेठजींच्या धीराची स्तुती करणारे लोक या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष करितात.

समुद्रावरील धंद्याचा धोका म्हणजे काय, हे पनवेलकरांस तरी फोड करून सांगण्याची आवश्यकता नसावी. रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा माल व उतारू गलबतांनी पनवेलच्या बंदरी उतरत व तेथून १८३० मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने वर जात. येथील व्यापाऱ्यांची भरभराट या वाहतुकीवर होती. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी सुरू झाली आणि त्या भरभराटीची पाळेमुळेच सैल झाली. बंदरात कोणी चूक केली नव्हती, तांडेल आळशी झाले नव्हते. मार्गच बदलला होता. धंदा उत्तम चालविला तरी काळ पायाखालची वाट काढून घेतो, हा धोका व्यापाऱ्याच्या वहीत कोठेच लिहिलेला नसतो.

१९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईस येताना आगगाडीत वालचंदांच्या कानी एक वार्ता आली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या मालकीची ‘लॉयल्टी’ नावाची मोठी आगबोट विकाऊ होती. ही बोट मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १८९१ च्या सुमारास बांधलेली व युद्धात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून वापरलेली. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद या मुंबईच्या मातबर व्यापाऱ्यांस सोबत घेऊन ती खरेदी केली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात साडेचार कोटी रुपयांच्या अधिकृत भांडवलाची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. वालचंद स्वतः त्या सफरीवर होते. हा दिवस आपल्या देशात १९६४ पासून राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो.

त्या प्रसंगी कंपनीचे भाग घेणाऱ्या मनुष्याच्या जागी आपण क्षणभर बसून पाहावे. युद्धानंतरची तेजी, मुंबईत नित्य नव्या कंपन्या निघत होत्या व स्वदेशीची भावना प्रखर होती. आगबोटींची टंचाई असल्यामुळे मालवाहतुकीचे भाडे आकाशास भिडलेले. एका फेरीत बोटीची किंमत निघेल की काय, असे वाटावे असा तो काळ. पण उलट बाजूचा पुरावाही डोळ्यांसमोर होता. १८९४ च्या सुमारास जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीच्या सहकार्याने आगबोटी चालवून पाहिल्या; बलाढ्य पी अँड ओ कंपनीने भाडे इतके खाली आणिले, की टाटांस तो उद्योग सोडावा लागला. १९०६ मध्ये तुतिकोरिनला चिदंबरम् पिल्लई यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिच्याविरुद्ध ब्रिटिश इंडिया कंपनीने तिकिटाचे दर पाडले, सरकारने पिल्लईंस तुरुंगात धाडले व काही वर्षांतच ती कंपनी बुडाली. म्हणजे या धंद्यात उतरलेल्या हिंदी कंपन्यांचा इतिहास मुख्यतः बुडण्याचा होता. एखाद्या जोखमीचे मोजमाप करावयाचे, तर प्रथम आपल्या आधी त्या वाटेने किती गेले व किती परतले, हे मोजावे लागते. १९१९ साली हा हिशेब भागधारकांपैकी किती जणांनी केला असेल, याची आम्हांस शंकाच आहे.

परतीचा काळ फार लवकर आला. १९२० नंतर जगभर जहाजांची टंचाई संपली व भाडी कोसळली. युद्धोत्तर चढ्या किमतीत घेतलेल्या बोटी कंपनीच्या गळ्यात धोंड्याप्रमाणे पडल्या. परदेशगमनाचा बेत सोडून सिंदियाला हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिंहलद्वीप यांच्या किनाऱ्यावर यावे लागले. तेथे लॉर्ड इंचकेप यांच्या आधिपत्याखालील ब्रिटिश इंडिया कंपनी पाय रोवून बसली होती. १९१४ पासून ती पी अँड ओशी एकजीव झालेली. रंगूनच्या तांदळाचे भाडे तिने इतके उतरविले, की सिंदियाला प्रत्येक खेपेस खोट येऊ लागली. शिवाय एक गुप्त शस्त्र होते ते सवलतीच्या परताव्याचे. व्यापाऱ्याने ठराविक मुदतभर आपला सर्व माल त्याच कंपनीच्या बोटींतून पाठविला, तरच त्यास भाड्यातील काही अंश मागाहून परत मिळे. मधल्या काळात एक पोते जरी परक्या बोटीवर चढविले तरी जमा झालेला सगळा परतावा बुडे. अशा स्थितीत देशाभिमानी व्यापारीसुद्धा सिंदियाकडे येण्यास कचरत. ज्या ‘लॉयल्टी’ने प्रारंभ झाला, ती बोट १९२३ मध्ये मोडीत निघाली.

भागधारकांच्या वाट्यास या वर्षांत लाभापेक्षा चिंताच अधिक आली. हिंदुस्थान सरकारच्या काटकसर समितीचे अध्यक्ष म्हणून इंचकेप साहेब याच सुमारास या देशात आले होते. त्यांनी सिंदिया कंपनी समूळ विकत घेण्याची तयारी दर्शविली. केवळ भागधारकाच्या दृष्टीने विचार केला, तर विकून मोकळे होणे हा गैर मार्ग नव्हता. वालचंद व त्यांचे सहकारी यांनी तो नाकारला, आणि त्याऐवजी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार केला. त्या करारान्वये सिंदियाच्या जहाजांचे एकूण वजन ७५,००० टनांच्या पलीकडे जाऊ नये व उतारूंच्या वाहतुकीत कंपनीने पाऊल घालू नये, असे ठरले. हा करार म्हणजे मानहानीच होती, असे वालचंदांस आजन्म वाटत राहिले. आमच्या मते मात्र त्यांच्या व्यापारी बुद्धीची खरी कसोटी येथेच लागली. विकणे नाही आणि बुडेपर्यंत लढणेही नाही. जिवंत राहण्यापुरते देऊन टाकून वेळ विकत घेणे, हा तिसरा मार्ग त्यांनी पत्करला. कंपनी वाचली, पण वाढीवर दहा वर्षांचे कुलूप पडले.

आता या कुलुपाची किंमत भागधारकास काय पडली असेल, ते साध्या हिशेबाने पाहू. हा हिशेब सिंदियाच्या वह्यांतला नव्हे, केवळ समजुतीसाठी आहे. शंभर रुपये शेकडा ६ च्या चक्रवाढ व्याजाने ठेविले, तर दहा वर्षांत त्यांचे सुमारे १७९ होतात. म्हणजे लाभांश न देणारा शंभराचा शेअर दहा वर्षांनी १५० ला विकला गेला, तर वरवर पाहता पन्नासाचा नफा दिसतो, परंतु वास्तविक २९ रुपयांचा तोटा झालेला असतो. तो शेअर मधल्या काळात ५० वर उतरला असेल, तर मूळच्या शंभरावर येण्यासही त्यास दुप्पट व्हावे लागते. धीर धरणे फुकट नसते. त्याचे भाडे दररोज चालू असते, फक्त त्याची पावती कोणी देत नाही. आमच्या घरांतून दहा वर्षे हात न लावण्याची जी भाषा ऐकू येते, तीत हे भाडे क्वचितच धरलेले असते.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाले व कंपनीच्या अध्यक्षपदाची धुरा वालचंदांवर आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली. किनाऱ्यावरील वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवावी, म्हणून सराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणिले होते. ते मंजूर झाले नाही, तथापि लोकमत जागृत झाले. त्याच्या आदल्या वर्षी ‘डफरिन’ ही शिक्षणनौका मुंबईत सुरू झाल्याने हिंदी तरुणांस जहाजावरील अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली होती. कराराची मुदत संपल्यावर सिंदियाने उतारूंच्या वाहतुकीत प्रवेश केला, हजच्या यात्रेकरूंसाठी बोटी सोडल्या आणि पुढे कोकण किनाऱ्यावरील बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही तिच्या छत्राखाली आली. कोकणातील ज्या वृद्धांनी तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी-मालवणचा प्रवास केला, त्यांनी सिंदियाचे नाव कधी ना कधी ऐकलेले असणारच.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीच्या कित्येक बोटी शत्रूने बुडविल्या, परंतु त्याच काळात वालचंदांच्या कल्पकतेस पंख फुटले. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम् येथे राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. यांपैकी विमानांच्या कंपनीतील वालचंदांचा हिस्सा हिंदुस्थान सरकारने युद्धाच्या निकडीने १९४२ मध्ये विकत घेतला. हीच संस्था पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली व २०१८ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. शेठजींनी तो हिस्सा ठेवला असता तर आज काय झाले असते, असे कोणी म्हणतात. पण हा प्रश्न निरर्थक आहे. युद्धकाळी सरकारला नको म्हणण्याचा पर्याय त्यांस नव्हता, आणि पाऊणशे वर्षे सरकारच्या तिजोरीने जो भार सोसला तो खाजगी मालकास सोसवला असता, असे मानण्यास आधार काय? विशाखापट्टणम् येथील कारखान्यातून ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. तो कारखानाही १९५२ मध्ये मुख्यत्वे सरकारच्या मालकीचा झाला.

याच्या जोडीला जमीन होती. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव व पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंब येथे ओसाड माळ हाती घेऊन त्यांनी ऊस उभा केला, साखर कारखाने काढले. कळंबचे वालचंदनगर झाले. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेस संरक्षण मिळाले व या धंद्यास बरकत आली. बांधकाम, साखर, यंत्रे असे पाय पसरलेले असल्यामुळे सिंदियाचे एखादे वर्ष वाईट गेले, म्हणून वालचंदांच्या घरची चूल विझणार नव्हती.

आता युक्तिवादाकडे परत वळतो. वालचंदांनी सिंदिया एकतीस वर्षे धरली, हे खरे. पण ते केवळ भागधारक नव्हते. कंपनीचा कारभार त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मॅनेजिंग एजंटांकडे असे व वालचंद त्या एजंटांच्या पेढीत भागीदार होते. ही पद्धत १९७० मध्ये कायद्याने बंद झाली. तीत भागधारकांस लाभांश मिळो न मिळो, कारभाऱ्यास मोबदला मिळण्याची सोय असे. वालचंदांच्या हाती वह्या होत्या, बोटी विकण्या-घेण्याचा अधिकार होता, व इंचकेपांसमोर बसून करार करण्याची ताकद होती. इतके असूनही आपले सारे वित्त त्यांनी एकाच बोटीत भरले नव्हते. याउलट पन्नास भाग घेऊन घरी बसलेल्या शिक्षकास किंवा कारकुनास यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नव्हती. दोघांच्या हाती कागद एकच, परंतु जोखीम निराळी. आपल्या ज्ञातीतील जो तरुण जमिनीच्या पैशाचा मोठा हिस्सा एका नवजात कंपनीत घालून वालचंदांचा दाखला देतो, तो वस्तुतः त्या कारकुनाच्या जागी उभा आहे.

यावरून साहसच करू नये, असे आमचे म्हणणे असल्याचा समज कोणी करून घेऊ नये. सिंदियाचे भाग १९१९ मध्ये कोणीच घेतले नसते, तर या देशाच्या किनाऱ्यावर देशी निशाण आणखी किती वर्षे दिसले नसते कोण जाणे. ज्यांनी गेल्यास चालेल इतकीच रक्कम देशकार्य म्हणून घातली, त्यांचा व्यवहार शुद्ध होता. फसगत झाली ती मुलीच्या लग्नाचा पैसा तेजीच्या भरात घालणाऱ्यांची. कारण लग्नाची तिथी करार संपेपर्यंत थांबत नाही, आणि भाडे पडलेल्या वर्षी विकावे लागले तर दहा वर्षांनंतरच्या वैभवाचा त्यांस काय उपयोग? घेतानाच काही गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो : ही रक्कम किती वर्षे लागणार नाही, कोणती घटना घडली असता आपण आपला समज चुकला असे मानू, आणि एकूण वित्तातील कितवा हिस्सा यात आहे. भाव उतरणे ही ती घटना नव्हे. मार्ग बदलणे ही होय, जसा पनवेलच्या बंदराचा १८६३ मध्ये बदलला.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील जहाजांचे एकूण वजन सुमारे २ लाख टन होते व त्यात सिंदिया ही सर्वांत मोठी कंपनी होती. पुढे लवकरच किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखली गेली. वालचंदांच्या तीस वर्षांच्या मागणीस अखेर फळ आले, पण ते पाहण्यास त्यांची प्रकृती साथ देत नव्हती. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले, व ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’च्या पहिल्या सफरीस चौतीस वर्षे व तीन दिवस झाले होते.

त्यांच्यामागे कंपनीची सूत्रे मोरारजी घराण्याकडे राहिली. सुमती मोरारजी यांनी ती दीर्घकाळ सांभाळली व जहाजधंद्यातील कर्तबगार स्त्री म्हणून कीर्ती मिळविली. परंतु १९८० नंतरच्या दशकात कर्जाचा भार वाढत गेला, जहाजे एकामागून एक कमी झाली, आणि इंचकेपांस जी घेता आली नाही ती कंपनी शांततेच्या काळात नामशेष होत गेली. ज्या कुटुंबांनी १९५० मध्ये विकले व ज्यांनी वालचंदांच्या आठवणीखातर नातवंडांसाठी कागद राखून ठेविले, त्यांच्या नशिबांतील अंतर यावरून वाचकांनीच ताडावे. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये सिंदिया हाऊस ही दगडी इमारत अद्याप उभी आहे. कंपनीचे नाव तिने राखले असले, तरी तेथे पुढे आयकर खात्याच्या कचेऱ्या आल्या.